बॅनरवरची मुंडकी

...न्हाई, पण माइक माझ्याच हातात कावून? एवढी माणसं बसलीत की ह्या मांडवात. बोलायची हौस असलेले तर पुढच्या रांगेत नुसते दाटून बसलेत. पण अर्जुनरावसाहेब निघालेत, रस्त्यातच हायत, ते येईस्तोवर आमचा उत्तरेश्वर दोन शब्द बोलेल, असं अभिमन्यूदादांनी परस्पर जाहीर केलं आन् माइक दिला माझ्या हातात. मी म्हणलं, दादा, मला बोलता येत न्हाई. दादा म्हणले, "त्यात काय यायला लागतंय बे? फक्त तोंड हलवायचं हाय."

तुमाला सांगतो, ह्या एका वाक्यानं माझं वाटोळं केलंय. म्हणजे भलं बी ह्याच वाक्यानं केलंय... थांबा, माइक जरा लांब धरतो, माझाच आवाज मला ऐकू यायलाय, लई बेकार वाटतंय.

तर मी हितंच सिरसाळ्यात दादांच्या बॅनरच्या दुकानात असतो. आतल्या खोलीत, कॉम्प्युटरवर, म्हणून तुमी मला पाहिलं नसंल. शाळा नववीत सोडली. गुरुजी म्हणायचे, उभा राहा आन् मोठ्यानं वाच. मला उभं राहता यायचं. पुढचं जमायचं न्हाई. एक दिवस मी नुसताच उभा राहिलो, तास संपला, सगळे घरी गेले, मी बी गेलो, पुन्हा काही गेलो न्हाई.

दुकानात माझं काम काय, तर मुंडकी कापायचं. दचकू नका. फोटोतलं मुंडकं कापायचं आन् बॅनरवर बसवायचं. वाढदिवस असो, निवड असो, नवीन गाडी घेतलेली असो, बॅनर एकच. मधी साहेब, भोवती मुंडकी, खाली मोठ्या अक्षरात शुभेच्छुक. सगळ्यांचे हात जोडलेले, डोळ्याला गॉगल, आन् कमरेखाली काहीच न्हाई. बॅनरवरच्या माणसाला पाय नसतात. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

आन् त्या मुंडक्यांचे फोन काय सांगू तुमाला. "उत्तरेश्वर, त्या सटवाचं मुंडकं माझ्याहून मोठं कावून बे? तो पक्षात कवा आला, मी कवा आलो?" मी मोठं करायचो. तोंडानं नको म्हणता येत न्हाई ना. लगेच सटवाचा फोन. "माझं बारीक झालं." त्याचं बी मोठं करायचो. मंग तिसरा यायचा दुकानातच, बॅनरपुढं उभा राहायचा आन् म्हणायचा, "माझा कान कुठं गेला?" कान सटवाच्या गालाखाली गेलेला असायचा.

एक दिवस मशीनची शाई संपली म्हणून मी बसून होतो. समोर एक मुंडकं. मी गंमत म्हणून त्याची हनुवटी कापली आन् जरा खाली सरकवली. वर घेतली. खाली केली. वर. खाली... तुमाला सांगतो, ते मुंडकं बोलायला लागलं. दादा कवा मागं येऊन उभे राहिले मला कळलंच न्हाई. मला वाटलं, आता गेली नोकरी. दादा लई वेळ बघत राहिले.

"हे बोलतंय की बे."

"व्हय."

"हातपाय बी हलवावं लागतील का?"

"हात जोडलेले हायत. पाय तर न्हाईतच."

"मंग काय अवघड हाय? फक्त तोंड हलवायचं हाय."

तिथून सुरू झालं आमचं 'शुभेच्छुक'. खऱ्या माणसाचं त्यात एक बी मुंडकं न्हाई, सगळी मी मनानं काढलीत. चौकात एक बॅनर लावलेला हाय, त्याच्यावरची मुंडकी दिवसभर भांडतेत, एवढंच. कोण मोठं, कोण साहेबाच्या जवळ, कोणाचा कान झाकला. खाली रस्त्याला खड्डा हाय, टँकरपाशी घागरी लागल्यात, पण ते ह्यांना दिसत न्हाई, कारण मान खाली वळत न्हाई. वारं सुटलं की सगळे एकमेकांना धरतेत, वारं पडलं की पुन्हा भांडतेत. वाढदिवस होऊन जातो, बॅनर कोणी काढत न्हाई, दुसराच त्याच्यावर ठोकतेत. जगणं तेवढंच त्यांचं.

चित्र झालं. पण आवाज? मी कोणाला विचारलं न्हाई ते सांगा. एक म्हणला, पोरगं साहेबांच्या संस्थेत चिकटवायचंय, मला ह्यात घेऊ नको. दुसरा म्हणला, मी बोलतो, पण माझा आवाज ओळखू आला न्हाई पाहिजे. मी म्हणलं, मंग बोलून उपयोग काय? म्हणजे म्हणलो न्हाई, मनात म्हणलो.

शेवटाला बोलल्या आमच्या शेजारच्या सरस्वतीकाकू. त्या काय तिथं बसल्यात, पदर तोंडाला लावून. ह्यांची जवानी ऊसतोडीत गेली, पण नकला अशा करतेत की मुकादमाची केली तर खुद्द मुकादमाच्या बायकोनं डोक्यावर पदर घेतलता. मी त्यांच्या ओट्यावर फोन धरून नुसता उभा राहिलो. त्याच म्हणल्या, "साहेबाचा आवाज पाहिजे ना रे?" आन् पदर उपरण्यासारखा खांद्यावर टाकला, घसा खाकरला, आन् म्हणल्या, "माझं मुंडकं बारीक कावून केलं बे?" ओट्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

मी म्हणलं, काकू, तुमाला भीती न्हाई वाटत?

"मला कोण काय करतंय बाबा? दिवाळी झाली की मी गावात नसतेच. मतदानाला तेवढी गाडी पाठवतेत न्यायला. त्या दिवशी तर मीच साहेब असते."

दादांनी ते मोबाइलवर सोडलं. फिरत फिरत कुठं गेलं असंल? पुण्याला. एका मराठी वाहिनीच्या स्वप्नाली मॅडमचा फोन आला. मी उचलला आन् गप्प बसलो. त्या म्हणल्या, "हॅलो? हॅलो?" दादांनी फोन हिसकला म्हणून निभावलं. ठरलं असं, की आधी चार भाग करून द्यायचे. चौथा पसंत पडला तर टीव्हीवर वर्षभर मालिका. वर्षभर. मी काकूंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. म्हणल्या, "म्हणजे पुढच्या साली कोयता न्हाई का रे?" मी मान हलवली. कशाच्या जिवावर हलवली मला ठाऊक न्हाई, पण हलवली. आता त्या मानेसाठी तरी चौथा भाग पास व्हायला पाहिजे होता.

तीन भाग झाले. दिवाळी झाली. आन् काकू गेल्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर, पार कर्नाटकाच्या हद्दीला. चौथ्या भागाचा साहेब मुका. वरून मॅडमचा फोन. "उत्तरेश्वर, तिन्ही भाग छान आहेत, पण तेच तेच वाटतंय. चौथ्यात जरा हालचाल हवी. एखादी पळापळी दाखव ना."

"मॅडम, त्यांना पाय न्हाईत."

"मग काढ की."

"एकाचे काढले तर बाकीचे म्हणतील, आमचे बी काढ."

मॅडम हसल्या. मी हसायसारखं बोललोच नव्हतो, मी अडचण सांगत होतो.

आन् ह्याच टायमाला अर्जुनरावसाहेबांचा निरोप आला. बंगल्यावर बोलावलंय. दादा, डोळे वटारू नका, तुमीच माइक दिलाय. मी गेलो. साहेब झोपाळ्यावर, हातात फोन, फोनात माझा तिसरा भाग. पूर्ण बघितला. मंग म्हणले, "हा मी हाय ना?"

मी हात जोडले.

"आवाज कुणाचा?"

मी हात जोडलेलेच. काकूंचं नाव ओठापर्यंत सुद्धा आलं न्हाई. ह्या तोंडाचा आयुष्यात एवढाच फायदा झाला.

साहेब म्हणले, "जुळत न्हाई. मी असा बोलतो व्हय? हिथून पुढं मीच बोलतो. काढ तुझा फोन." आता साहेबांना नको कसं म्हणायचं? ज्याला सटवाला नको म्हणता येत न्हाई, तो साहेबांना म्हणणार? धरला फोन. वाक्य साधंच होतं, "माझं मुंडकं बारीक कावून केलं बे?" साहेब सुरू झाले, "उपस्थित सर्व मान्यवर, बंधू आणि भगिनींनो..." मी म्हणलं, साहेब, एवढं न्हाई, फक्त वाक्य. पुन्हा सुरू, "आजच्या या प्रसंगी माझं मुंडकं..." मंग मी लिहून दिलेल्या कागदाकडं बघून मला म्हणले, "हे असलं कावून लिहिलं बे?" तेच एक झकास आलतं, पण ते माझ्यासाठी होतं. शेवटाला वाक्य बोलले एकदाचं. पण समोर गर्दी न्हाई, हार न्हाई, टाळी न्हाई. आवाज असा आला, जसं दवाखान्यात कोणाला तरी भेटायला आलेत.

धाडलं पुण्याला. लगेच फोन. "उत्तरेश्वर, हे कोण? हे अजिबात पुढारी वाटत नाहीत. हे तर पासबुक भरून मागतायत असं वाटतं. ते आधीचे काका कुठे गेले?"

"मॅडम, त्या काकू हायत."

फोनवर कितीतरी वेळ कोणीच बोललं न्हाई. मला तर बरंच वाटलं, मी एकटाच गप्प नव्हतो. मंग मॅडम म्हणल्या, "मग काकूंनाच घ्या."

काकूंना घ्या. त्या उसात. मी फोन केला तर उचलला मुकादमानं. त्याला काय सांगू? मी म्हणलं, सरस्वतीकाकूंना जरा साहेबाचं काम हाय. तो घाबरून पळतच गेला. दुपारी ट्रॅक्टर भरायलेला होता तवा काकू कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या खोपटात गेल्या, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून गोधडी घेतली, आन् गोधडीतून साहेब बोलायला लागले. बाहेर सगळी टोळी जमली. बायामाणसं, गडीमाणसं, एवढी हसली, एवढी हसली... ते सगळं हसू आवाजात भरलं. वाक्य कमी आन् हसूच जास्त.

मी ते हसू काढायला बसलो. निघंना. काकूंचा आवाज आन् ते हसू असं गुंतलेलं, की एक काढलं तर दुसरं तुटायचं. मी तसंच लावून बघितलं. बॅनरवरचा साहेब बोलतोय, आन् खालून हसू येतंय. मला एकदम वाटलं, अरे, हे तर बॅनरखाली उभे हायत की. मंग चौथा भाग तोच केला. बॅनरवर साहेबाचं भाषण चाललंय आन् खाली कोणीतरी हसायलंय. मुंडकी घाबरी होतेत. "कोण हसलं बे?" "तू बघ की बे." "मी कसा बघू? मान वळत न्हाई." "गॉगल तर काढ." "हात जोडलेले हायत, काढू कशानं?" हसू वाढतच जातं, आन् एका बी मुंडक्याला खाली बघता येत न्हाई. मॅडमना पळापळी पाहिजे होती. एक बी जण जागचा हलत न्हाई, पण तशी पळापळ तुमी बघितली नसंल.

मॅडमचा निरोप आला. पास. वर्षभर.

पण साहेबांना कोण सांगणार? ते चारचौघात सांगत फिरायलेले, टीव्हीवर माझा आवाज येणार हाय म्हणून. दादा म्हणले, तू सांग. मी बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलतो, देवाशप्पथ. फाटक सुद्धा वाजवलं न्हाई. माघारी आलो, खोलीचं दार लावलं, स्वतःचा फोटो काढला, स्वतःचं मुंडकं कापलं, हनुवटी कापली, आन् फोनमधी एकदाच बोललो, "साहेब, माफ करा, तुमचा आवाज पुढाऱ्यासारखा वाटत न्हाई, असं पुण्याचं म्हणणं पडलं." ते माझ्या मुंडक्याच्या तोंडी घातलं. धाडून दिलं. मी बोललो न्हाई, मुंडकं बोललं.

मंग मी जेवलो न्हाई. दादांनी तर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ठेवलं. आन् साहेबांची गाडी आली. उतरले. दुकानात आले. मी उभा. हात जोडलेले.

"पुढाऱ्यासारखा वाटत न्हाई म्हणजे साध्या माणसासारखा वाटतो, असंच ना?"

दादा म्हणले, "व्हय व्हय, अगदी तसंच."

"बॅनर कर. साध्या माणसाचा आवाज, अर्जुनराव. मोठा कर. आन् ह्या पोराचा सत्कार बी ठेवून द्या, खाली ह्याचं मुंडकं टाक."

हा मागं बघा तोच बॅनर. मीच केलाय. माझ्याच सत्काराच्या बॅनरवर माझं मुंडकं मीच बसवलं. दादा सारखे म्हणायलेले, साहेबांपेक्षा मोठं करू नको. काकू बी तवर हंगाम संपवून गावात आल्या, त्यांचं बी टाकायचं होतं तर दादा म्हणले, जागा न्हाई. मंग मी माझं बारीक केलं, आणखी बारीक केलं... झाली जागा. कोपऱ्यात बटनाएवढा मी हाय, आन् बाजूला कुंकू लावलेल्या, डोक्यावर पदर, त्या काकू. हात जोडलेले न्हाईत, माझ्याकडं तसला फोटोच नव्हता. हसायलेल्या हायत.

काय दादा? काय खुणा करतेत? आली का गाडी?

...न्हाई? साहेब परस्पर दुसऱ्या कार्यक्रमाला गेले? येणारच न्हाईत? मंग सत्काराचं कसं... काय म्हणता? मागं बॅनर हाय तेवढं बास झालं, भाषण तूच कर म्हणता?

काकू, तुमी या की वर, साहेबाच्या आवाजात बोला जरा... बघा, त्या नुसत्या हसतेत. आन् तुमी सगळे बी हसायलात.

बरं. माइक मधी धरून हात जोडलेत. पाय टेबलामागं हायत, ते तुमाला दिसत न्हाईत. आता राहिलंय काय... फक्त तोंड हलवायचं हाय. उपस्थित सर्व मान्यवर...