नववी ‘ब’मधला ‘हो’

...आणि वर मुख्याध्यापिका मलाच विचारतात हो, "सर, नववी ‘ब’च्या बहुपदी अजून राहिल्याच का?" राहिल्या! राहणारच! माझे लागोपाठचे दोन तास उचलून कुणी त्यात पोरांना ‘नाही’ म्हणायला शिकवणार असेल, तर बहुपदी काय आपोआप सुटणार आहेत? तुम्हाला सांगतो, मी आपला गणिताचा मास्तर. नागोराव. मूळचा अमरावतीकडचा, बावीस वर्षं कर्वेनगरच्या शाळेत खडू झिजवतोय. मला वर्गमूळ विचारा, हे संमती-बिंमती मला नका विचारू!

झालं काय, त्या सोमवारी मधल्या सुट्टीत नववी ‘ब’मधला चेतन, उंच, केसांना जेल, वडील हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, तर हा चेतन मैदानात गुडघ्यावर बसला. कुणापुढे? मैत्रीपुढे! मैत्री म्हणजे पहिल्या बाकावरची, विचारलं तर उत्तरापुरतं बोलणारी पोरगी. भोवती चाळीस पोरांचं वर्तुळ, शिट्ट्या, टाळ्या, "हो म्हण! हो म्हण!" आणि निम्म्यांच्या हातात मोबाइल... शाळेत मोबाइलला बंदी आहे बरं का, तशी सूचना लावलीये, लॅमिनेट करून! मैत्री म्हणाली, "हो." जल्लोष झाला, घंटा झाली. आणि पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्याही दिवशी नाही.

आता हे कुणाच्या ध्यानात यावं? माझ्या? मी हजेरी घेतो, गैरहजर मांडतो, पुढे जातो. मी आपला गणिताचा मास्तर! ध्यानात आलं सुनीतीबाईंच्या. विज्ञानाच्या बाई. उंची पाच फूट, आवाज तीन मजले. शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि थेट मैत्रीच्या घरी. आई म्हणे, पोट दुखतंय तिचं. बाई बसल्या. चहा झाला, पोहे झाले, बाई बसलेल्याच. शेवटी पोरगी बोलली, "बाई, मला नाहीच म्हणायचं होतं. पण सगळे शूटिंग करत होते ना... आणि आता तो म्हणतो, हो म्हणालीस ना, मग मोबाइलचा पासवर्ड दे."

दुसऱ्या दिवशी बाई तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत. मी तिथेच, रजेच्या अर्जावर सही घ्यायला! सुशीलाबाई, आमच्या मुख्याध्यापिका, सगळं ऐकून चष्मा पुसत म्हणतात, "पण ती हो म्हणाली ना? मग मिटलं! असं करू, मैत्रीला ‘क’ तुकडीत टाकू."

"मैत्रीला? का?"

"मग काय करायचं म्हणता?"

"तास घ्यायचा. अख्ख्या नववी ‘ब’चा. संमती म्हणजे काय."

"मुलामुलींचा एकत्र? अहो, पालक काय म्हणतील? संस्थेपर्यंत तक्रार गेली तर नोकरीवर येईल तुमच्या!"

"येऊ दे. तास कुठला देता ते सांगा."

सुशीलाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत मी. संपलं! दोन तास गेले, वर "सर, तुम्हीही मागे बसा" हे काम आलं, आणि रजेचा अर्ज तसाच राहिला.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘संमती’. "कुठे पाहिलाय हा शब्द?" तेजस नावाचं एक कार्टं उठलं, "बाई, सहलीच्या फॉर्मवर! खाली पप्पांची सही!" हशा. बाईही हसल्या. "बरं, पोट भरल्यावर, नको नको म्हणताना ताटात जिलबी कुणाकुणाच्या पडलीये?" अख्ख्या वर्गाचे हात वर! मागे माझाही गेला. जाणारच हो! आमच्या वऱ्हाडात ताटावर आडवा हात धरला, तर "लाजता काय जी!" म्हणून हातावर वाढतात! "पाहुण्यांनी गाल कुणाचे ओढले?" हात वरच. "न विचारता फोटो कुणाचा स्टेटसला टाकला?" हात वरच... पण हसू कमी झालेलं.

तेवढ्यात तेजस पुन्हा उठला. "पण बाई, मुली मुद्दाम आढेवेढे घेतात ना! त्यांचं नाही म्हणजे होच असतं." मी म्हटलं, मेला आता हा. बाई शांतपणे म्हणाल्या, "गृहपाठ केलास?" "नाही बाई." "नाही म्हणजे हो ना? मग देते दहापैकी दहा!" वर्ग हसून हसून कोसळला! तो थांबेपर्यंत बाई थांबल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आणि चाळीस जण अंगावर आल्यावर, घाबरून म्हटलेला हो... तो काय असतो?" बाईंनी नाव कुणाचंच घेतलं नाही. चेतन बाकावरचं जुनं कोरीवकाम वाचत बसला.

शनिवारी पालकसभा. चेतनचे वडील बद्रीनाथ कंपनीचं कार्ड गळ्यात घालूनच आलेले. "मॅडम, हे काय भरवताय मुलांच्या डोक्यात? या विषयाचं आमच्याकडे दरवर्षी ऑनलाइन ट्रेनिंग असतं. मी सर्टिफाइड आहे!"

"वा! काय शिकलात?"

"ते... नेक्स्ट, नेक्स्ट करत जायचं असतं. मुद्दा तो नाही! माझ्या मुलानं हात लावला? नाही. विचारलं, ती हो म्हणाली. एंड ऑफ स्टोरी!"

सुशीलाबाई डोळ्यांनी खुणावताहेत, आवरा, आवरा! सुनीतीबाई कसल्या आवरतात? उठल्या आणि म्हणाल्या, "पालकसंघाचं अध्यक्षपद रिकामं आहे. बद्रीनाथ साहेबांना करू या का? सगळ्यांनी या असे जवळ. मोबाइल काढा. म्हणा, हो म्हणा!"

अहो, साठ पालक! आपल्या गळ्यातली धोंड दुसऱ्याच्या गळ्यात जातेय म्हटल्यावर काय उत्साह! "हो म्हणा! हो म्हणा!" मी पण ओरडलो, खोटं कशाला बोलू? "नाही हो, माझे यूएसचे कॉल असतात..." "हो म्हणा!" "अहो, ऐका तरी..." "हो म्हणा!" गोल आवळत गेला, मोबाइल नाकापर्यंत आले, माणसाला दरदरून घाम... "बरं, हो! हो!"

टाळ्या! बाईंनी हात वर केला.

"साहेब, खरंच व्हायचंय अध्यक्ष?"

"अजिबात नाही!"

"मग हो का म्हणालात?"

"एवढे लोक अंगावर आल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?"

बोलले आणि थांबले. स्वतःचंच बोलणं कानावर पडलं असावं. खुर्चीत बसले. बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पंचेचाळीसचे आहात. ती चौदाची."

सोमवारी मैत्री शाळेत आली. मधल्या सुट्टीत चेतन शिक्षकखोलीच्या दारात. "बाई, व्हिडिओ मी डिलीट केला, बाकीच्यांनाही करायला लावला. मला मैत्रीला सॉरी म्हणायचंय." बाई म्हणाल्या, "थांब, तिला चालेल का विचारून येते." गेल्या, आल्या. "ती म्हणते, आत्ता नको." मला वाटलं, आता हा रडणार, नाहीतर पुन्हा गुडघ्यावर बसणार! पोरगा उभा राहिला, "बरं बाई" म्हणाला आणि गेला. मी पेपर तपासत होतो. मी आपला गणिताचा मास्तर, पण तुम्हाला सांगतो, साफ चुकलेल्या उदाहरणाला मी पैकीच्या पैकी देऊन बसलो होतो!

पुढे? संस्थेचं पत्र आलं. म्हटलं, गेली बाईंची नोकरी! उघडून बघतो तर ‘स्तुत्य उपक्रम’! झालं, लगेच सूचनाफलकावर नोटीस. आठवी ते दहावी, सगळ्या तुकड्यांना हा तास, दिवाळीपर्यंत दर शनिवारी, सकाळी साडेसात, जादा. घेणार सुनीतीबाई, सोबत नागोराव सर. बाईंनी नोटीस वाचली, पर्समधून लाल पेन काढलं आणि खाली ठसठशीत लिहिलं, ‘आमची संमती घेतलेली नाही.’ सही, तारीख, वेळ!

सुशीलाबाई धावत आल्या. वाचलं. आणि बाईंच्या पाठीवर प्रेमाने थाप मारून म्हणाल्या, "इश्श! तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही थोडंच नाही म्हणणार होतात!"