रुमालाखालचा हात

ऐका. आधी मला सांगा, बाजारात भरवसा कुणाचा धरावा? माणसाचा, का त्याच्या कुत्र्याचा?

हसू नका रे! मी बैलबाजारात कासरे न् घुंगरं विकतो. शाळा पाहिली नाही, पण कुत्री पुष्कळ पाहिलीत. गिऱ्हाईक "फार महाग बुवा, जातो," म्हणत उठतं. मी त्याच्या कुत्र्याकडं बघतो. ते निवांत पसरलेलं असलं, तर मी भाव सोडत नाही. धन्याला खरंच जायचं असलं, की कुत्रं आधी उठतं!

तर आमचा हैबती. बैलांचा दलाल. जीभ मधाची. टिप्या नावाचं कुत्रं सदा त्याच्या मागं. आता बैलाचा सौदा कसा होतो? रुमालाखाली बोटं दाबून. भाव कुणाला कळत नाही. पण खोड? खोड मोठ्यानं सांगायची, चारचौघांत. ही रीत. हैबतीनं म्हाताऱ्या सदोबाला तांबडा बैल दिला. सदोबानं विचारलं, "खोड काय?" हा म्हणाला, "गरीब गाय आहे, आबा!"

बैल पाण्याला बुजायचा. हैबतीला ठाऊक होतं.

थोड्याच दिवसांत जांभळीच्या उतारावर, जिथनं गाड्या पाण्यातनं नदी ओलांडतात, तिथं बैल बुजला. गाडी उलटली. सदोबा खाली सापडला. गेला बिचारा.

पुढं एका बाजाराला हैबतीला निघायला अंधार झाला. मी म्हणालो, "पुलावरनं जा." तो म्हणाला, "उतार जवळ पडतो, शेठ." निघाला. मागं टिप्या.

ऐका हं! मागनं घुंगरं वाजली. वळला. कुणी नाही! चालला. पुन्हा घुंगरं, आता अगदी कानाशी! मग पुढनं हाक आली, "हैबती, थांब की लेका!" आणि टिप्याचं शेपूट हलायला लागलं. अहो, हलायला लागलं! सदोबा त्याला बाजारात भाकरी घालायचा ना.

पाण्याकाठी सदोबा बसलेला. निथळत. मांडीवर रुमाल. "ये, सौदा करू." नको म्हणायच्या आत हैबतीचा हात रुमालाखाली! ती बोटं... गार! सुटता सुटेनात.

"तांबड्याची खोड काय रे?"

"काही नाही, आबा."

टिप्या गुरगुरला. भुतावर नाही हो, हैबतीवर! आणि नदीचं पाणी गुडघ्याला लागलं.

"मला अंधारात तोंड दिसत नाही बाबा," सदोबा म्हणाला. "तुझं कुत्रं सांगेल ते खरं."

कुत्र्याला काय शब्द कळतात? नाही. पण धन्याचा श्वास आखडला, घामाचा वास फिरला, की त्याला भीती वाटते. आपला माणूस परका झाला, असं वाटतं.

"खोड काय?"

"थोडा... थोडा चंचल आहे."

टिप्यानं दात दाखवले. पाणी कमरेला!

"मला तरी कुठं कुणी सांगितलं होतं, आबा!"

टिप्या अंगावर भुंकला. पाणी गळ्याला! पाय सुटले! तेव्हा हैबती लेकरासारखा रडला. "पाण्याला बुजतो, आबा! मला ठाऊक होतं! सौदा मोडेल म्हणून बोललो नाही!"

टिप्या गप्प झाला. पोहत आला. हैबतीच्या खांद्याला नाक लावलं. अन् बोटं सुटली.

पहाटे तसाच ओला तो सदोबाच्या घरी गेला. अनसाबाई, सदोबाची बायको, गोठा झाडत होती. यानं सगळं सांगितलं. तिनं खराटा थांबवला.

"'पाण्याला बुजतो', एवढेच शब्द होते व्हय रे?" म्हणाली. "तवा बोलायला किती वेळ लागला असता?"

अन् पुन्हा झाडायला लागली.

आता हैबती खोड इतकी ओरडून सांगतो, की बाजार हसतो. मी नाही हसत. जेवताना तो टिप्याला भाकरी घालतो ना, तेव्हा तोंड फिरवून घालतो.

तेव्हा बाबांनो, अंधार पडल्यावर जांभळीच्या उताराला पाय लावू नका. पूल लांब असला तरी पुलावरनंच जा. आणि काही द्याल, काही घ्याल, तर जे ठाऊक आहे ते आधी बोला. हिशेब सरळ ठेवा. एवढं माझं ऐका.