ठकूबाईचं न पोचलेलं बोलणं

मंडळी, आधी एक सांगा. ज्यानं चूक केली तो अपराधी, की ज्याला माहीत होतं आणि तरी ज्यानं तोंड उघडलं नाही, तो? घाई नको, ऐका.

पुण्याच्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात रेवती टिपणीस नावाच्या बाई शिकवत. विषय? निसर्ग राखून धंदा कसा करावा! हसता काय – आता हेही शिकवावं लागतं. फिनलंडहून काही मुलं आली होती. दोन्हीकडच्या पोरांनी मिळून शिकावं म्हणून बाई सगळ्यांना भीमाशंकराकडच्या एका आदिवासी वाडीवर घेऊन गेल्या. दुभाषी त्याच.

मध काढण्यात जाणती ठकूबाई गवारी. उंबराखाली उभी राहून म्हणाली, "वरचा मधाचा गड्डा आपला. खाली माशीची पोरं. तिथं कोयता लावायचा न्हाय. पोरं जगली तर माशी पुन्यांदा ह्याच झाडाला येती."

आयनो नावाच्या फिनिश मुलीनं विचारलं, खालचं पोळं का सोडतात?

बाईंचं चित्त कुठं? घरी! दहा महिन्यांची लेक तापलेली, फोनला रेंज नाही, बस सुटायला आलेली. आयाबायांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाई इंग्रजीत एवढंच बोलल्या, की यांच्यात तशी प्रथा आहे. मुलीनं पुन्हा विचारलं, पण का? बाई म्हणाल्या, नंतर सांगते.

ते नंतर राहूनच गेलं.

नुसती प्रथा! मग मुलांनी ती बाजूला ठेवली. वाडीच्या मधधंद्याचा आराखडा करायचा होता, त्यात लिहिलं – पोळं अख्खं उतरवावं, मेणही मिळेल. आराखडा तपासताना त्या ओळीशी बाई थबकल्या होत्या, मंडळी. मग पान उलटलं, पहिला नंबर दिला. तो आराखडा वाडीत पोचला, तिथल्या तरुणांनी तसंच केलं. ठकूबाई आडवी आली. पण शिकलेल्यांपुढं तिचं कोण ऐकतो?

पुढल्या वर्षी बाई नवी मुलं घेऊन गेल्या. उंबर मोकळा. एक पोळं नाही.

ठकूबाई भांडली नाही. एवढंच विचारलं, "त्या गोऱ्या पोरीला माझं बोलणं सांगितलं व्हतंस ना, बाई?"

रेवतीबाईंनी मान खाली घातली. "नाही, आजी. राहिलं."

म्हातारी म्हणाली, "अन् मी वरीसभर त्या लेकरांना शिव्या देत व्हते."

झालं आख्यान. नाम घेऊच, पण टाळ हातात घेण्याआधी आठवा – कुणाचं बोलणं तुमच्यापाशी अडलंय? ते आज पोचवा. उशीर झालाच असेल, तरी पोचवा.