आईच्या मुठीतलं पाणी

लातुरात आमचं सगळं टँकरवर चाललं होतं ना, तवाची गोष्ट. बायकोनं नवा बोर्ड गेम आणला. म्हणली, ह्यात आपसात भांडण न्हाई. सगळ्यांनी मिळून पटावरच्या जंगलाची आग विझवायची. प्रत्येकाला पाण्याच्या निळ्या सोंगट्या. आम्ही दोघं धडाधड टाकत होतो, पण माझ्या आईची मूठ काही सुटंना.

बायको ओरडली, "आई, टाका की पाणी!"

"टँकर कवा येतो, ते सांग आधी."

"ह्या खेळात टँकरच न्हाई!"

"मंग तर एक थेंब टाकत न्हाई."

समदं जंगल जळालं, तिघंबी हरलो. आमची हसून हसून पोटं दुखली. आईनं मात्र सोंगट्या वाटीत ठेवल्या, वर झाकण घातलं आन् म्हणली, "आता लावा परत आग. पाणी भरून हाय!"