पंचांगाला दिलेली परवानगी

देशपांडे नगरातल्या मोबाइलच्या दुकानात मेधाची घाई चालली होती. तिच्या पुढं एक म्हाताऱ्या बाई होत्या आणि दुकानदार श्रीहरी त्यांचा फोन तपासत होता.

"अंबूअक्का, हे पंचांगाचं अ‍ॅप तुमच्या ईमेलच्या खात्यातनं उघडलंत ना?"

"हो की. संकष्टीचा चंद्रोदय बघायला."

"त्यानं जे विचारलं त्याला 'होय' म्हणत गेलात. खात्यातले सगळे नंबर त्यानं उचलले. आता तुमच्या नावानं सगळ्यांना जाहिरातीचे मेसेज पाठवत सुटलंय."

"म्हणूनच चौदा जणांचे फोन आले बघा! अळणावर गावची गोदावरी तर नऊ वर्षांनी बोलली."

"काय म्हणाल्या?"

"आधी शिव्या घातल्या. मग गुडघा कसा आहे, विचारलं."

"नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, अक्का. खात्यात जाऊन त्याची परवानगीच काढायची. इथं. दाबू?"

"दाबा. लोकांचे नंबर भलत्याच्या हाती नकोत."

"दाबतो."

"थांबा की जरा. मेसेज सगळ्यांना गेलाय म्हणालात?"

"एकूण एक."

"प्रभंजनलाही?"

"हा काय, पहिलाच. 'प्रभंजन, मुलगा.' परवाच गेलाय. वाचलाय सुद्धा."

मेधानं घड्याळ बघायचं सोडलं. अंबूअक्कांनी हळूच आपला फोन परत घेतला.

"मग संध्याकाळपर्यंत राहू द्या, श्रीहरी. अजून एखादा जाईल त्याला. रागवायला तरी फोन करेल."