पालथा पाय आणि उताणा पाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि फेरीबोट मालक संघटनेचे ज्येष्ठ पदाधिकारी, प्रमुख पाहुणे माननीय जलवाहतूक निरीक्षक साहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे मोठे भाऊजी, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे पालथ्या होड्यांवर बसलेले सर्व स्नेही,

मी शाळेत गणित शिकवते. माझं बहुतेक बोलणं फळ्याकडे तोंड करून होतं. हे भाषण खरं तर आमच्या ह्यांनी करायचं होतं. ते पाच महिन्यांपूर्वी गेले. धाकटा भाऊ नाही तर धाकट्या भावाची बायको, असं समितीने ठरवलं आणि माझं नाव छापून टाकलं. मला पत्रिका हातात आल्यावर कळलं.

या शेडमध्ये काय चालतं ते काही पाहुण्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेली एक होडी. त्या एकेका होडीला इथे 'पाय' म्हणतात. वादळात फुटलेल्या, खडकावर बसलेल्या, मालकांनी सोडून दिलेल्या कॅटामरानचे पाय दोघे भाऊ उचलून आणायचे. फुटका भाग कापायचा, फायबरचे नवे थर चढवायचे, घासायचं, आणि दांडे बसवायला आतल्या बाजूला खाचा पाडायच्या. मग त्यातून कुणाला फेरीबोट, कुणाला तरंगता दवाखाना. एकदा एका गृहस्थांनी कोंबड्यांसाठी करून घेतली होती. कोंबड्यांना ती आवडली नाही.

दोघांच्या हातात कसब होतं. फक्त दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. अकरा वर्षं.

कारण विचाराल तर हसाल. एक पाय आणला, त्यात गुडघाभर पाणी. आमचे हे म्हणाले, झाकणातून वरून आलं. भाऊजी म्हणाले, तळातून खालून आलं. तेवढ्यात ते पाणी कुणीतरी उपसून टाकलं. पुरावाच गेला, आणि भांडण राहिलं.

भाऊजी आत्ता काहीतरी म्हणाले. मागच्यांना ऐकू आलं नसेल. "खालूनच आलं होतं," असं म्हणाले. भाऊजी, आज तुमचा सत्कार आहे, त्यामुळे आज खालून.

तर त्या दिवसापासून शेडच्या मधोमध जमिनीवर पिवळी रेघ आली. अलीकडे भाऊजी, पलीकडे हे. प्रत्येक कॅटामरानचा एक पाय ह्यांचा, एक भाऊजींचा. भाऊजींचा संशय तळावर, म्हणून ते पाय पालथा ठेवून काम करायचे. ह्यांचा संशय झाकणावर, म्हणून हे उताणा ठेवून. अवजारं एकच होती. ती रेघेवर ठेवली जायची आणि दुसऱ्याने उचलेपर्यंत दोघे छताकडे बघायचे.

आणि बोलणं माझ्यामार्फत. मी शाळेतून आले की पर्स ठेवायच्या आधी भाऊजी म्हणायचे, "मास्तरीणबाई, त्याला सांगा, त्याचं घासणं म्हणजे मांजराला आंघोळ घातल्यासारखं आहे." मी चार पावलं चालून जायची आणि सांगायची. हे म्हणायचे, "त्यांना म्हणावं, मांजर तरी स्वच्छ निघतं." मी परत चार पावलं. दोघांनाही सगळं आधीच ऐकू आलेलं असायचं. तरी मी पोहोचेपर्यंत कुणी रागवत नसे.

आता प्रमुख पाहुण्यांच्या विषयाकडे येते. एका फेरीबोटीच्या वेळी भाऊजींनी सांगितलं, "मी उजवीकडे खाचा पाडतोय, त्याला म्हणावं डावीकडे पाड." मी तसंच सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. दोघांनी पाडल्या. पण भाऊजींचा पाय होता पालथा. पालथ्या पायाची उजवी बाजू सरळ केल्यावर डावी होते, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. त्या तिघांत एक गणिताची शिक्षिका होती.

दोन्ही पायांना खाचा एकाच बाजूला. जोडायचे तर एकच मार्ग उरला. एका पायाचं नाक पुढे, दुसऱ्याचं मागे. तसे जोडले. चूक कबूल करायची तर बोलावं लागलं असतं.

मालक आले. त्यांनी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "हिचं तोंड कुठंय?" दोघा भावांनी एकाच वेळी हात केला, एकाने पूर्वेला, एकाने पश्चिमेला. आज प्रमुख पाहुणे असलेले साहेब तेव्हा तपासणीला आले होते. त्यांच्या अर्जात 'होडीचा पुढचा भाग' असा रकाना होता. साहेबांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग लिहिलं, 'दोन्ही'. त्या एका शब्दासाठी मी त्यांची जाहीर आभारी आहे.

ती होडी चांगली चालली. दोन काठांमध्ये ये-जा करणाऱ्या होडीला वळायची गरजच नसते. दोन्हीकडे सारखीच जायची, म्हणजे सारखीच वाईट. पण नावाड्याचा वळवण्याचा वेळ वाचला, आणि तशाच होड्यांची मागणी येऊ लागली. मग खरी पंचाईत झाली. चूक मुद्दाम करायची होती. पहिल्याच खेपेला दोघांनी अतिशय काळजीपूर्वक चूक केली आणि होडी बरोबर झाली. मालक तक्रार घेऊन आला, दोन्ही नाकं एकीकडेच आहेत म्हणून. सगळ्या खाचा बुजवून पुन्हा पाडाव्या लागल्या.

शेवटची होडी रेघेच्या दोन्ही बाजूंना आजही पडलेली आहे. भाऊजींचा पाय पूर्ण आहे. ह्यांच्या पायाला खाचा पाडायच्या राहिल्यात. पाच महिन्यांत भाऊजी रेघेपलीकडे गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "ती त्याची बाजू आहे." दुसऱ्या कारागिराला बोलावते म्हटलं तर म्हणाले, "बोलवा." मला बोलवावंसं वाटलं नाही. उद्या सकाळी भाऊजी मुलीकडे कायमचे राहायला जाणार, शेड बंद होणार, आणि तो पाय भंगारवाला नेणार, असं ठरलेलं आहे.

परवा या खुर्च्या मांडण्यासाठी ह्यांचा पाय फिरवून भिंतीकडे सरकवला. तेव्हा त्याच्या पलीकडच्या अंगावर मला खडूने लिहिलेलं दिसलं. अक्षर ह्यांचंच. लिहिलंय, "दादा, या वेळी नक्की कुठल्या बाजूला पाडू?"

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला मध्ये न घेता ते भावाशी बोलले. मी वाचलं, पण ते माझ्यासाठी नाही, म्हणून दोन दिवस कुणाजवळ बोलले नाही. आज बोलले, कारण उद्या उशीर होईल.

भाऊजी, मी चार पावलं चालून आले आहे. उत्तर मात्र मी पोहोचवू शकत नाही. ते तुम्हालाच तिथे जाऊन द्यावं लागेल, आणि खाचा पाडूनच द्यावं लागेल. तुम्ही कुठली बाजू निवडाल त्याला माझी ना नाही. होडी बरोबर झाली तरी चालेल.

अध्यक्ष महाराज, त्यांना अडवू नका. काठी राहू द्या, ते त्यांच्या पद्धतीने उतरतात. मागच्या मंडळींनी जरा पाय आवरून वाट द्यावी. कृपया कुणी त्यांच्या मागे जाऊ नये, आणि टाळ्याही नकोत. त्यांना खडूचं अक्षर नीट वाचू द्या.

मी बोलायची सवय नसलेली बाई आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, मान्यवरांचा क्रम चुकला असेल, सत्कार स्वीकारण्याआधीच सत्कारमूर्ती उठून गेले असतील, तर ते पोटात घालावं. अध्यक्षांनी, निरीक्षक साहेबांनी आणि आपण सगळ्यांनी वेळ काढला, त्याबद्दल आमच्या घराच्या वतीने मनापासून आभार. पत्रिकेत आभारानंतर 'निरोप' असं छापलं आहे. तेवढं आज होणार नाही. सत्कारमूर्ती कामावर आहेत.