बघणारा

हॅलो?… कोण?… अगं ठकू! बोल, बोल… नाही, घरी नाहीये मी. आवाज घुमतोय ना? गोदामात आलेय… तुझ्या बाबांच्या. चित्रांच्या गोदामात… हो, तेच ते. आज पहिल्यांदा पाय ठेवलाय इथे. दार बघशील तर बँकेच्या तिजोरीचं, आणि आत काय? खोकी! लाकडी खोकी, पार छतापर्यंत. माणसाने जन्मभर पुठ्ठ्याची खोकी बनवली, आणि म्हातारपणी हौस कसली, तर लाकडाची खोकी जमवायची… हसू नकोस, गेलेल्या माणसाला हसू नये…

हसत नाहीयेस?… रडतेयस? ठकू?… अगं नीट सांग, कोण गेलं?

तुझा बघणारा?… अरे देवा. कधी?… गेल्याच महिन्यात? आणि तुला आज कळतंय… गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या… हो… हो… बघ ना, बाबा गेले त्याच महिन्यात. कुणाची वेळ कशी येते… अगं रड. रड मोकळेपणाने. आता कुणापासून लपून फोन करायचाय आपल्याला?

एक मिनिट हं. दादा, काय झालं? स्क्रूवर रंग बसलाय? मग खरवडा की, विचारताय काय… तुला नाही गं. इथले दादा आहेत, एक खोकं उघडतायत. सल्लागार साहेब म्हणाले, लिलावाला पाठवण्याआधी एक तरी बघून घ्या बाईसाहेब. म्हटलं बघते. एवढा पैसा कशात गेला ते तरी कळेल…

हं, सांग… नाही गं, वेड्यासारखं काय त्यात? पाहिलेला नसला म्हणून काय झालं, माणूस तो माणूसच. इतकी वर्षं तुझं एकूण एक चित्र त्याने घेतलं. तू दुसऱ्या नावाने रंगवतेस, ते नाव मला सांगितलं नाहीस, मी विचारलंही नाही. पण त्याच्याबद्दल दर फोनला सांगायचीस. बघणारा असं म्हणत असेल, बघणाऱ्याला हे आवडेल… मला तर तो ओळखीचाच वाटायला लागला होता.

बाबा गेले तेव्हा मात्र नाही रडलीस हं तू… टोमणा नाही गं… बरं. राहिलं… मी कशी विसरेन? "भिंती रंगवायला जा, रोजी तरी सुटेल," म्हणाले तुला. मी तिथेच होते की ओट्यापाशी.

आणि मग बघ, चार धंदेवाल्या मित्रांच्या घरी चित्रं पाहून आले आणि स्वतःच सल्लागार नेमला. पोटच्या पोरीला दाराबाहेर काढलं आणि परक्यांची चित्रं… दारात कसली, थेट गोदामात! घरात एक लावलं नाही. साहेबांनी शिकवलेलंच तसं. उजेडाने रंग उतरतो, हवेने उतरतो, आणि पेटी उघडली की भाव उतरतो. आली तशी बंद ठेवायची. आवडलं म्हणून घ्यायचं नाही, आणि घेतलं म्हणून बघायचं नाही… अगं फोटोसुद्धा धड नाही पाहिले कधी! चष्मा कपाळावर. "केवढं आहे? कुठल्या प्रदर्शनातलं?" झालं. साहेबांनी मान हलवली की यांनी हलवायची.

नाही, नाही, तुझ्या माणसाचं तसं नसणार… हो गं, तो बघत असणार… रोज सकाळी, चहा घेता घेता? हो, तसाच. काही माणसं असतात तशी. आपल्या वाट्याला नाही आली ती गोष्ट वेगळी…

निघालं झाकण. थांब, फोन खांद्यात धरते… हं, ऐकतेय, तू बोल…

…

…आहे. आहे मी… काही नाही. धूळ गेली घशात… बसलेय. इथे एक स्टूल आहे.

ठकू, एक विचारू? तू आपलं स्वयंपाकघर काढलंस का गं कधी?… असंच. मनात आलं… हो?… नळावरची तुटकी टाइलसुद्धा?… आणि मी पाठमोरी. मानेवर तो भाजल्याचा डाग… नाही, मी कशी बघणार. तुझ्या लक्षात असेल म्हणून म्हटलं.

सगळ्यांत?… सगळ्या चित्रांत मीच आहे?… आणि पाठमोरीच? तोंड का नाही काढलंस गं एकदाही?

…

बरोबर आहे. वळले नव्हते मी त्या दिवशी.

काय?… कुणाला फोन करतेस? त्याच्या बायकोला?… अगं नको! म्हणजे… ती बिचारी आत्ता कुठे सावरत असेल. काय विचारणार आहेस तिला?… कुठल्या भिंतीवर लावायचा, एवढंच?… सांगेल गं. सांगेल ती. खिडकीसमोरच्या… मला काय माहीत म्हणजे? असाच अंदाज. उजेड हवा ना चित्राला…

कसले ठिपके?… पेटीच्या स्क्रूंवर? प्रत्येकाच्या डोक्यावर, तू स्वतः?… निळे… म्हणजे कुणी उघडलं की ठिपका उडणार. बरं… आणि आता पेट्या लिलावात आल्या की तू जाऊन आधी स्क्रू बघणार… हो, कळलं. ठिपके उडालेले असले, म्हणजे तो बघायचा.

…ऐकतेय. खाली बघत होते जरा. चुरा पडलाय पायाशी… कसला काय, खोक्याचा.

ठकू, समजा, समजा हं, नाही उडालेले निघाले तर?… असं नको बोलूस. हात कशाला तोडतेस, चित्र काय कुणी बघतं म्हणून… हो. म्हणून काढतात. तेही खरंच… अगं पण… हो, हो… ऐक ना…

साहेब, सही नंतर! दिसतंय ना मी बोलतेय ते… सगळ्या विकायच्या की नाही ते मी सांगेन तुम्हाला. आधी गप्प बसा दोन मिनिटं.

काय?… कोणी नाही. इथले एक… हो, घोगरा आहे आवाज. घसा बसलाय त्यांचा… नेहमीच असतो? तुला काय ठाऊक?…

…

त्याच्यातर्फे तुझ्या प्रदर्शनांना यायचे?… चित्रांकडे पाठ करून फोनवर बोलणारे… शेवटी हात फिरवून "सगळी द्या" म्हणणारे…

ठकू. ठकू, ऐक. अगं आधी ऐक तर… हो. तेच. तेच आहेत हे, माझ्यासमोर उभे आहेत… हो. बाबा. तुझा बघणारा म्हणजे तुझे बाबाच होते… मला नव्हतं गं माहीत, तुझी शपथ! आत्ता झाकण निघालं तर समोर मीच, माझीच पाठ.

ओरडू नकोस… बाळा, असं नाही… कोणीच नव्हतं काय म्हणतेस? होतं ना! बघायचे ते… मघाशी? मघाशी मी रागात बोलले. मला कधी आणलं नाही इथे, त्याचा राग. पण ते यायचे. एकटेच यायचे, सुट्टीच्या दिवशी. पेटी उघडून समोर बसायचे, या इथल्याच स्टुलावर… हो, ओळखलं होतं. न ओळखायला काय झालं? स्वतःच्या बायकोची पाठ माणूस ओळखणार नाही?… मग बोलले का नाहीत! अगं तू बाबांना ओळखतेस. त्यांच्या तोंडून कधी चांगलं निघालंय? जेवणात मीठ बरोबर पडलं तरी गप्प, कमी पडलं की बोलणार. तसंच हेही.

मघाशी दादांना मी खरवडा म्हणाले ते?… ते एकच. शेवटचं आलेलं असेल, त्यांना वेळच मिळाला नसेल उघडायला. आजारी नव्हते का शेवटी…

बाकीचे?

…

उडालेत. सगळे उडालेत गं. वरपासून खालपर्यंत एकावर ठिपका नाही… खोटं कशाला बोलेन? आई आहे मी तुझी… रडू नकोस… रड, पण असं नको…

फोटो?… आत्ता?… पाठवते की. पाठवते… जवळून, हो, स्क्रू दिसतील असे… सगळ्या पेट्यांचे. बरं… नाही, मला जमतं फोटो काढायला. अंधार आहे जरा, एवढंच. वेळ लागेल थोडा… ठकू, तू आहेस तिथेच बस. ब्रशला हात लावू नकोस, काही जाळू-बिळू नकोस, कुठे जाऊ नकोस. आईचे फोटो येईपर्यंत नुसती बसून राहा. बसशील ना?… हॅलो?… ठकू?…

ठेवला.

साहेब, तुम्ही बाहेर थांबा. नाही, काही विकायचं नाहीये… दादा, तो स्क्रू ड्रायव्हर इकडे द्या. मला द्या, मीच खरवडते. तुम्ही फक्त वरचा दिवा लावा, फोटोत नीट दिसायला हवं.